लठ्ठ उंदराच्या यकृतात वाढलेला मायक्रोआरएनए: इन्सुलिन-रोधाचे कारण, परिणाम की नुसता साक्षीदार?

प्रश्न : निशिगंधा

नमस्कार. मी जैवतंत्रज्ञान विषयात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकत असून पुढच्या महिन्यात मला विभागात 'इन्सुलिन-रोध आणि नॉन-कोडिंग आरएनए' या विषयावर सेमिनार द्यायचा आहे. विषयाची चौकट आपल्याला बऱ्यापैकी समजली आहे, असे मला परवापर्यंत वाटत होते. मानवी जनुकसंचाचा दोन टक्क्यांहून कमी भाग प्रथिने घडवण्याचा मजकूर बाळगतो. उरलेल्यातील बराच भाग आरएनएमध्ये उतरवला जातो, पण त्या आरएनएपासून प्रथिन बनत नाही. त्यांपैकी साधारण २२ अक्षरांचे मायक्रोआरएनए हे संदेशवाहक आरएनएच्या शेपटाकडील भागाला चिकटतात आणि त्या संदेशापासून प्रथिन बनण्यात अडथळा आणतात, तर २०० अक्षरांहून लांब असणाऱ्यांना लांब नॉन-कोडिंग आरएनए म्हणतात आणि त्यांची कामे फार निरनिराळी असतात. दुसरीकडे, इन्सुलिन पेशीवरील आपल्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटले की आयआरएस, पीआय३के आणि एकेटी या प्रथिनांच्या क्रमाने निरोप पेशीच्या आत पोहोचतो, स्नायू आणि चरबी यांच्या पेशींत ग्लुट-४ हे वाहक प्रथिन पेशीपटलावर येते, यकृतात नव्याने ग्लुकोज तयार होणे मंदावते. आणि या साखळीत निरोप क्षीण होत गेला, की त्या स्थितीला आपण इन्सुलिन-रोध म्हणतो.

या आधारावर मी अनेक शोधनिबंध चाळून एक मोठा तक्ता तयार केला. त्यात ४१ आरएनएंची नावे, प्रत्येकासमोर ऊतीचे नाव आणि लठ्ठपणात किंवा मधुमेहात त्याचे प्रमाण वाढते की घटते हे दाखवणारा वर किंवा खाली जाणारा बाण आहे. मार्गदर्शक सरांनी तो तक्ता शांतपणे पाहिला आणि एवढेच विचारले, की यांतील कोणता बाण कारण दाखवतो आणि कोणता परिणाम. मला एकाही ओळीबद्दल खात्रीने सांगता आले नाही.

म्हणून येथील जाणकारांना विचारते, की एखाद्या नॉन-कोडिंग आरएनएमुळे इन्सुलिन-रोध निर्माण होतो असे म्हणण्यासाठी नेमका कोणता पुरावा पुरेसा मानावा? लांब आरएनए हे मायक्रोआरएनएना 'स्पंजासारखे शोषून घेतात' असे जवळजवळ प्रत्येक निबंधात लिहिलेले आढळते. त्यावर कितपत विसंबावे? आणि एक घरगुती प्रश्नही आहे. माझ्या मामांची साखर सीमारेषेवर आहे आणि 'रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून मधुमेह आधीच ओळखता येतो' अशी बातमी वाचल्यापासून ते मला अशा तपासणीचा पत्ता विचारत आहेत. त्यांना काय सांगावे?


उत्तर : पाणवठा

निशिगंधा, आपल्या सरांनी विचारलेला प्रश्न हाच या क्षेत्रातील मुख्य प्रश्न आहे, त्यामुळे उत्तर देता आले नाही याचे वाईट वाटून घेऊ नये. मी स्वतः यकृताच्या पेशींवर काम करतो आणि असे बाणांचे तक्ते मीही एकेकाळी भक्तिभावाने तयार केलेले आहेत.

आपल्याला एक उदाहरण देतो, जे मी शिकवताना नेहमी प्रथम घेतो, कारण त्यात निसर्गाने स्वतःच तुलनेचा प्रयोग मांडून ठेवला आहे. मिर-१४३ आणि मिर-१४५ हे दोन मायक्रोआरएनए जनुकसंचात एकमेकांना लागून आहेत आणि एकाच लांब प्राथमिक आरएनएतून कापले जाऊन तयार होतात. म्हणजे एक वाढला की दुसराही वाढणार. लठ्ठ उंदरांच्या यकृतात हे दोन्ही वाढलेले असतात, मग लठ्ठपणा जनुकीय दोषामुळे आलेला असो की चरबीयुक्त आहारामुळे. आपल्या तक्त्यात या दोघांसमोर सारखेच बाण असतील. परंतु जर्मनीत कलोन येथील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात हे दोन भाऊ वेगळे करून पाहिले. उंदरांत केवळ मिर-१४३ कृत्रिमरीत्या वाढवला, तेव्हा इन्सुलिन दिल्यानंतर एकेटी जागृत होण्याचे प्रमाण घटले आणि साखरेचे नियंत्रण बिघडले. केवळ मिर-१४५ वाढवला, तेव्हा तसे काही घडले नाही. त्यानंतर त्यांनी ही जोडी जनुकसंचातून काढून टाकलेले उंदीर घेतले, त्यांना लठ्ठ केले, आणि ते उंदीर लठ्ठ होऊनही लठ्ठपणासोबत येणाऱ्या इन्सुलिन-रोधापासून बऱ्याच अंशी वाचले. मिर-१४३ नेमके काय दाबतो याचा शोध घेताना त्यांना ओआरपी८ हे प्रथिन सापडले, जे कमी झाले की एकेटीची जागृती मंदावते.

या एका कामात आपल्या सरांच्या प्रश्नाचे जवळजवळ पूर्ण उत्तर आहे. वाढवल्यावर बिघाड झाला पाहिजे, काढल्यावर बिघाड टळला पाहिजे, मधला दुवा असलेले प्रथिन हाती लागले पाहिजे, आणि शक्य असेल तर त्याच्याच शेजाऱ्याला लावलेल्या याच कसोटीतून काहीही निष्पन्न होता कामा नये. मिर-१४५ हा तेथे हजर होता, वाढलेलाही होता, आणि तरीही या प्रकरणात निर्दोष ठरला. केवळ प्रमाण मोजून थांबले असते, तर दोघांवरही सारखाच आरोप ठेवला गेला असता.

दुसरे भक्कम उदाहरण मिर-१०३ आणि मिर-१०७ यांचे आहे. या दोघांत अवघ्या एका अक्षराचा फरक आहे आणि लक्ष्य ओळखणारा आरंभीचा भाग तंतोतंत सारखा असल्यामुळे त्यांचा विचार एकत्रच करतात. स्वित्झर्लंडमध्ये झुरिक येथील मार्कुस स्टोफेल यांच्या प्रयोगशाळेने २०११ मध्येच दाखवले, की लठ्ठ उंदरांत हे दोघे वाढतात, त्यांना निष्क्रिय केले की इन्सुलिनची संवेदनशीलता सुधारते, आणि यकृत किंवा चरबी यांपैकी कोणत्याही एका ठिकाणी त्यांचे प्रमाण वाढवले तरी साखरेचे नियंत्रण बिघडण्यास तेवढे पुरते. त्यांचे थेट लक्ष्य कॅव्हिओलिन-१ हे आहे. चरबीच्या पेशीच्या पटलावर असंख्य सूक्ष्म खळगे असतात, ते या प्रथिनामुळे घडतात, आणि इन्सुलिनचा ग्राही पटलावर टिकून राहण्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. मायक्रोआरएनए निष्क्रिय केल्यावर कॅव्हिओलिन वाढले, ग्राही अधिक स्थिर झाला, चरबीच्या पेशींचा आकार लहान झाला आणि त्या इन्सुलिनला प्रतिसाद देऊन अधिक ग्लुकोज आत घेऊ लागल्या. येथे बिघाड साखळीच्या अगदी पहिल्या कडीवर, म्हणजे ग्राहीवरच आहे, तर मिर-१४३ चा बिघाड काही पावले आत, एकेटीपाशी आहे. सेमिनारमध्ये साखळीचे चित्र काढून कोणता मायक्रोआरएनए कोणत्या कडीवर बसतो हे दाखवलेत, तर ४१ ओळींच्या तक्त्यापेक्षा ते श्रोत्यांच्या अधिक लक्षात राहील.

मिर-८०२ ची भर घालण्यासारखी आहे. तो लठ्ठ उंदरांच्या यकृतात वाढतोच, पण लठ्ठ माणसांच्या यकृताच्या नमुन्यांतही वाढलेला आढळला आहे, आणि तो एचएनएफ१बी हे जनुक दाबतो. या जनुकात उत्परिवर्तन असलेल्या माणसांना तरुण वयात मधुमेहाचा एक दुर्मीळ, कुटुंबात उतरणारा प्रकार होतो, हे आधीपासून माहीत होते. उंदरावरील निष्कर्षाला मानवी जनुकशास्त्राचा असा स्वतंत्र आधार मिळणे फार थोड्या वेळा घडते.

मात्र एका गोष्टीबद्दल सावध करतो. मायक्रोआरएनए हा बटन दाबून दिवा मालवल्यासारखे काम करीत नाही. एका लक्ष्यावरील त्याचा परिणाम बहुतेक वेळा दुपटीहूनही कमी असतो. तो शेकडो संदेशांना थोडेथोडे दाबतो आणि त्या थोड्याथोड्यातून पेशीची एकंदर वृत्ती बदलते. त्यामुळे 'अमुक मायक्रोआरएनए अमुक जनुक दाबतो म्हणून इन्सुलिन-रोध होतो' हे वाक्य मिर-१४३ सारख्या उत्तम उदाहरणातही थोडे सोपे केलेलेच असते.

आपल्या तक्त्यात मिर-३७५ असेल तर त्याला वेगळ्या पानावर न्यावे. २००४ मध्ये तो स्वादुपिंडाच्या इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशींत सापडला आणि त्याचे प्रमाण वाढवल्यास इन्सुलिन बाहेर पडणे कमी होते. तो स्रावाचा प्रश्न आहे, रोधाचा नव्हे. टाइप-२ मधुमेहात दोन्ही बिघाड एकत्र येतात म्हणून अनेक परीक्षणलेखांत सगळे एकाच टोपलीत भरलेले दिसते, पण आपला विषय इन्सुलिन-रोध असेल तर ही सरमिसळ टाळलेली बरी.


उत्तर : खडीसाखर

'पाणवठा' यांनी मायक्रोआरएनएबद्दल जे लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे. स्पंजाच्या प्रश्नाकडे ते वळले नाहीत, म्हणून तेवढ्यापुरते लिहिते.

स्नायूंतील सर्वांत जास्त उद्धृत केली जाणारी कथा एच१९ आणि लेट-७ यांची आहे. लेट-७ हा मायक्रोआरएनएंमधील ज्येष्ठ सदस्य. सूत्रकृमीत लिन-४ हा पहिला मायक्रोआरएनए १९९३ मध्ये सापडला, त्यानंतर सात वर्षांनी हा दुसरा, आणि मायक्रोआरएनएच्या शोधासाठी व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस व गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लेट-७ इन्सुलिनच्या ग्राहीला आणि आयआरएस-२ ला दाबतो. उंदरात तो वाढवला की इन्सुलिन-रोध होतो, आणि त्याच्या निर्मितीत अडथळा आणणारे लिन२८ हे प्रथिन वाढवले की चरबीयुक्त आहार देऊनही उंदीर मधुमेहापासून वाचतात, हे बोस्टनमधील कामाने २०११ मध्ये दाखवले. येथपर्यंत पाया पक्का आहे.

यात एच१९ कोठे येतो? हा मातेकडून आलेल्या गुणसूत्रावरूनच वाचला जाणारा लांब आरएनए असून त्यावर लेट-७ ला चिकटण्याच्या जागा आहेत. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये मांडले, की टाइप-२ मधुमेह असलेल्या माणसांच्या आणि इन्सुलिन-रोध असलेल्या उंदरांच्या स्नायूत एच१९ घटलेला असतो. त्यामुळे लेट-७ मोकळा होतो आणि आपली लक्ष्ये अधिक जोराने दाबतो. मला यातील पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि सेमिनारमध्ये तो बहुधा गाळला जातो. त्यांना असे दिसले, की रक्तातील इन्सुलिन एकाएकी वाढले तर पीआय३के आणि एकेटी यांच्याच मार्गाने लेट-७ ची निर्मिती वाढते आणि वाढलेला लेट-७ उलट एच१९ लाच मोडीत काढतो. म्हणजे इन्सुलिन वाढल्यामुळे एच१९ घटतो, एच१९ घटल्यामुळे इन्सुलिनचा निरोप क्षीण होतो, निरोप क्षीण झाल्यामुळे स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडते, आणि चक्र फिरत राहते. निशिगंधा, आपल्या सरांच्या प्रश्नाला यात एक अडचण आहे, कारण अशा चक्रात बी आधी की झाड आधी हे एकदा मोजून ठरवता येत नाही. एच१९ समोरचा खाली जाणारा बाण परिणामही दाखवतो आणि पुढच्या फेरीचे कारणही.

आता स्पंजाबद्दल माझी शंका. पेशीत लेट-७ च्या प्रती हजारोंच्या संख्येने असतात आणि त्यांना चिकटण्याच्या जागा असलेले संदेशवाहक आरएनएही शेकडो प्रकारचे असतात. एखाद्या लांब आरएनएच्या मोजक्या प्रतींनी या गर्दीत जाणवण्याजोगा फरक पाडायचा असेल, तर त्या आरएनएने एकूण उपलब्ध जागांमध्ये लक्षणीय भर घातली पाहिजे. हा हिशेब यकृताच्या पेशींत प्रत्यक्ष मोजून २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. यकृतात विपुल असलेला मिर-१२२ निवडून त्यांनी चिकटण्याच्या जागा थोड्याथोड्या वाढवत नेल्या आणि त्यांना असे आढळले, की त्या मायक्रोआरएनएच्या एकूण लक्ष्यसंख्येच्या जवळपास पोहोचेपर्यंत इतर संदेशांवरील दाब सुटत नाही. योगायोग असा, की हे कामही 'पाणवठा' यांनी उल्लेखिलेल्या स्टोफेल यांच्याच सहभागाने झाले आहे. एच१९ हा स्नायूत बऱ्याच मोठ्या प्रमाणात असतो, त्यामुळे तो या कसोटीला उतरण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक आहे. परंतु एखाद्या निबंधात लांब आरएनएच्या प्रती किती आणि मायक्रोआरएनएच्या किती हे दिलेलेच नसेल, आणि केवळ संगणकाने दाखवलेल्या जुळणीवरून व पेशीत भरमसाट आरएनए घालून केलेल्या चाचणीवरून स्पंजाचा दावा केलेला असेल, तर मी तो निबंध बाजूला ठेवते. असे निबंध पुष्कळ आहेत, हे खेदाने नमूद करावे लागते.

वर्तुळाकार आरएनएंमध्ये सीडीआर१एएस हा अपवाद म्हणून दाखवला जातो, कारण त्याच्या एका रेणूवर मिर-७ साठी ७० हून अधिक जागा आहेत. पण त्याचे मधुमेहातील काम पुन्हा इन्सुलिनच्या स्रावाशी संबंधित आहे, त्यामुळे तोही त्या दुसऱ्या पानावर जाईल.

लांब आरएनएंबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सर्वच लांब आरएनए स्पंज नसतात. यकृतातील एमईजी३ हा लांब आरएनए वाढला की फॉक्सओ१ हे प्रथिन वाढते आणि नव्याने ग्लुकोज तयार करणारी विकरे जोर धरतात, तर एसआरए हा आरएनए चरबीच्या पेशी घडण्यास आणि त्यांची इन्सुलिन-संवेदनशीलता वाढवण्यास मदत करतो. आणि मायक्रोआरएनएंपैकी बरेच जसे उंदरात व माणसात अक्षरशः सारखे असतात, तसे लांब आरएनएंचे नाही. उंदरातील अनेकांना माणसात जोडीदारच सापडत नाही. त्यामुळे तक्त्यात प्राण्याचे नाव लिहिण्यासाठी एक वेगळा रकाना अवश्य ठेवावा.


उत्तर : ओपीडीनंतर

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, संशोधक नाही. वरील चर्चा वाचून बरेच शिकायला मिळाले. मामांच्या प्रश्नापुरते उत्तर देतो.

आज इन्सुलिन-रोधाच्या निदानासाठी दवाखान्यात वापरावी अशी मायक्रोआरएनएची मान्यताप्राप्त तपासणी नाही. मामांना उपाशीपोटीची साखर, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखर, एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी), कमरेचा घेर, रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड व एचडीएल यांचे प्रमाण एवढे पाहण्यास सांगावे. उपचाराचा निर्णय त्यावरून पुरेसा होतो. कोणी आग्रहच धरला तर उपाशीपोटीचे इन्सुलिन मोजून होमा-आयआर हा इन्सुलिन-रोधाचा अंदाज देणारा आकडा काढता येतो. उपाशीपोटीची साखर प्रति डेसिलिटर मिलिग्रॅममध्ये घेतली असल्यास ती आणि इन्सुलिन यांचा गुणाकार करून ४०५ ने भागायचे. परंतु इन्सुलिन मोजण्याच्या पद्धती प्रयोगशाळेगणिक बदलतात, त्यामुळे त्या एका आकड्यावरून घाबरून जाऊ नये. खरे अचूक मोजमाप क्लॅम्प पद्धतीने होते, ज्यात शिरेतून इन्सुलिन सोडत राहून साखर स्थिर ठेवण्यासाठी किती ग्लुकोज द्यावे लागते हे काही तास मोजतात, आणि ते संशोधनाबाहेर कोणी करीत नाही.

मामांनी वाचलेल्या बातमीमागे कोणते संशोधन आहे हे मला ठाऊक नाही, पण अशा बातम्या कशा हुकतात हे एका नामांकित उदाहरणावरून सांगतो. इटलीच्या उत्तरेकडील ब्रुनेक या गावातील लोकांवर दीर्घकाळ चाललेल्या एका अभ्यासातून २०१० मध्ये असे प्रसिद्ध झाले, की टाइप-२ मधुमेह असलेल्यांच्या रक्तद्रवात मिर-१२६ कमी असतो, आणि ज्यांना पुढे मधुमेह झाला अशा काहींतही तो आधीच कमी होता. हा मायक्रोआरएनए रक्तवाहिन्यांच्या अस्तरात विपुल असतो, त्यामुळे अस्तर बिघडल्याची ती खूण असावी असा अर्थ लावण्यात आला. पुढे २०१३ मध्ये त्याच गटातील संशोधकांचा सहभाग असलेल्या कामातून दिसले, की रक्तातील मिर-१२६ चा मोठा वाटा रक्तबिंबिकांमधून, म्हणजे प्लेटलेट्समधून येतो आणि बिंबिकांना रोखणारी औषधे घेतल्यास त्याचे प्रमाण घटते. मधुमेहाच्या रुग्णांपैकी किती जण अ‍ॅस्पिरिन किंवा तत्सम गोळी घेत असतात, हे मी आपल्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. मूळ निरीक्षण खोटे नव्हते, परंतु ते कोणत्या ऊतीबद्दल बोलत होते हे उशिरा लक्षात आले.

प्रयोगशाळेत रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तरी मिर-१६ आणि मिर-४५१ रक्तद्रवात उतरतात; हेपरिन असलेल्या नळीत रक्त घेतले तर आरएनए मोजण्याची पुढची पीसीआर चाचणीच बिघडते. आपल्या तक्त्यातील 'रक्त' या ऊतीसमोरच्या बाणांपैकी काही बाण मधुमेहाचे नसून सुईचे आणि नळीचे असण्याची शक्यता गृहीत धरावी.

एक मुद्दा अवांतर वाटेल, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. वर उल्लेखिलेले बहुतेक उंदीर खाऊन लठ्ठ झालेले आहेत. माझ्या ओपीडीत येणारा इन्सुलिन-रोधाचा रुग्ण अनेकदा लठ्ठ दिसतच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपले दोघांचे छायाचित्र छापले होते, ते पुष्कळांनी पाहिले असेल. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासाने ही 'बारीक पण चरबीयुक्त' ठेवण जन्माच्या वेळीच दिसते, हे दाखवून दिले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्यापैकी सडपातळ दिसणाऱ्यांच्या यकृतात मिर-१४३ वाढलेला असेलच, असे लठ्ठ उंदरावरून गृहीत धरू नये, असे मला वाटते.


प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर : निशिगंधा

तिघांचेही मनापासून आभार. मामांना 'ओपीडीनंतर' यांचे उत्तर वाचून दाखवले. त्यांनी कमरेचा घेर मोजण्याचे तूर्त पुढे ढकलले आहे.

सर्व वाचल्यावर एक शंका उरली. मायक्रोआरएनए एक्झोसोममधून, म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पुटिकांमधून, चरबीतून यकृतात किंवा स्नायूत जातात आणि तेथे इन्सुलिन-रोध पसरवतात, असे मी २०१७ च्या दोन निबंधांत वाचले आहे. रक्तातील मायक्रोआरएनएंचे मूळ ठरवणे इतके अवघड असेल, तर या निबंधांवर कितपत विश्वास ठेवावा? आणि मिर-१०३ व मिर-१०७ यांना निष्क्रिय करणारे औषध माणसांसाठी का आले नाही?


उत्तर : पाणवठा

आपण उल्लेखिलेले दोन्ही निबंध मी एकाच आठवड्यात वाचले तर प्रभावित होतो, आणि महिन्याभराने पुन्हा वाचले तर प्रश्न पडतात.

पहिले काम सॅन डिएगोचे. लठ्ठ उंदरांच्या चरबीत शिरलेल्या महाभक्षक (मॅक्रोफेज) या रोगप्रतिकारक पेशींनी सोडलेल्या पुटिका सडपातळ उंदरांना टोचल्या, तेव्हा ते इन्सुलिन-रोधी झाले. सडपातळ उंदरांच्या पुटिका लठ्ठ उंदरांना दिल्या, तेव्हा त्यांची साखर सुधारली. आतील मायक्रोआरएनएंपैकी मिर-१५५ वर बोट ठेवले गेले, जो पीपीएआर-गॅमा या प्रथिनाला दाबतो. दुसरे काम बोस्टनच्या जोस्लिन केंद्राचे. त्यांनी फक्त चरबीच्या पेशींत डायसर हे विकर नाहीसे केले, म्हणजे त्या पेशींत मायक्रोआरएनए तयारच होऊ दिले नाहीत, आणि मग रक्तातील पुटिकांमधील मायक्रोआरएनए मोठ्या प्रमाणात घटल्याचे दाखवले. या उंदरांत निरोगी तपकिरी चरबीचे रोपण केल्यावर त्यांतील काही मायक्रोआरएनए परतले, ग्लुकोज हाताळण्याची क्षमता सुधारली आणि दूरच्या यकृतातील एफजीएफ२१ या जनुकावरही परिणाम दिसला. 'ओपीडीनंतर' यांनी मूळ ऊतीचा जो प्रश्न उपस्थित केला, त्याला या दुसऱ्या प्रयोगाची रचनाच उत्तर देते, कारण येथे उगम बंद करून पाहिला आहे. म्हणून मी तो अधिक वजनदार मानतो.

अडचण पुन्हा संख्येचीच आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत, विपुल समजल्या जाणाऱ्या मायक्रोआरएनएचीही सरासरी एका पुटिकेमागे एकाहून कमी प्रत निघाली होती. 'खडीसाखर' यांनी पेशीच्या आत जो हिशेब मांडला, तोच पेशीबाहेर अधिक कठोर होतो: यकृताच्या पेशीत आधीच हजारो प्रती असलेल्या मायक्रोआरएनएवर बाहेरून आलेल्या मोजक्या प्रतींचा काय परिणाम होणार? जो मायक्रोआरएनए घेणाऱ्या पेशीत मुळातच नगण्य आहे, त्याच्याबाबत हा दावा अधिक पटण्यासारखा ठरतो. पुटिकांत प्रथिने आणि मेदही असतात, हेही विसरता येत नाही. सेमिनारमध्ये मी असे म्हणेन, की चरबीच्या पुटिका इन्सुलिनची संवेदनशीलता बदलतात हे उंदरांत चांगले सिद्ध झाले आहे. ते काम त्यांतील कोणता रेणू करतो, यावर वाद शिल्लक आहे.

औषधाबद्दल. मिर-१०३ आणि मिर-१०७ यांना रोखणारा रेणू माणसांवरील पहिल्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत पोहोचला होता. टाइप-२ मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था आणि सोबत यकृतात चरबी साठून दाह असलेले रुग्ण डोळ्यांसमोर होते. त्याला गॅलनॅक ही शर्करा जोडलेली होती, जिच्यामुळे रेणू यकृताच्या पेशींत खेचला जातो. पुढे तो कार्यक्रम थांबवण्यात आला. माझा स्वतःचा अंदाज, आणि तो अंदाज म्हणूनच घ्यावा, असा आहे की रचनेतच एक पेच होता. उंदरांत कॅव्हिओलिनची आणि लहान झालेल्या पेशींची जी सुंदर कथा मी वर सांगितली, ती चरबीतील आहे. आणि गॅलनॅक चरबीत पोहोचत नाही. आरएनएवर आधारित औषधांना यकृताचे दार उघडले आहे, स्नायू आणि चरबीची दारे अद्याप नीट उघडलेली नाहीत, आणि जेवणानंतर इन्सुलिनच्या सांगण्यावरून आत घेतल्या जाणाऱ्या ग्लुकोजचा मोठा वाटा तर स्नायूच उचलतात.


उत्तर : खडीसाखर

'पाणवठा' यांच्या अंदाजावर एक छोटी दुरुस्ती सुचवते. त्यांनीच पहिल्या उत्तरात लिहिले आहे, की केवळ यकृतात हे मायक्रोआरएनए वाढवले तरी साखरेचे नियंत्रण बिघडते. मग केवळ यकृतात ते रोखून काहीच उपयोग होणार नाही, असे त्यावरून निघत नाही.


उत्तर : पाणवठा

मान्य. वाढवून बिघडते म्हणून रोखून तितकेच सुधारेल, हे जसे गृहीत धरता येत नाही, तसेच सुधारणारच नाही, हेही धरता येत नाही; माझे वाक्य घाईचे झाले.


प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर : निशिगंधा

काल रात्री तक्ता नव्याने बांधला. प्राणी, ऊती, साखळीतील कडी, वाढवून पाहिले का, काढून पाहिले का, प्रतींची मोजणी दिली आहे का, असे रकाने केले आणि स्रावाशी संबंधित नावे वेगळ्या पानावर नेली. ४१ पैकी सर्व रकाने भरता आलेली एकही ओळ नाही. मिर-१४३ आणि मिर-१०३/१०७ या दोन ओळी सर्वांत जास्त भरल्या. एच१९ समोर सरळ बाण न काढता वर्तुळाकार बाण काढला आहे. सरांना आज दुपारी दाखवणार आहे.